सुरुवात कुठून धरायची?

इंदूरच्या विजय नगर चौराह्यावर सिग्नल लाल झाला की वाचायला भरपूर असतं. फ्लॅट, जिम, लग्नाचे हॉल, परदेशी शिक्षणाचे क्लास. बहुतेक होर्डिंगांवर एक शब्दजोडी हमखास सापडते: 'स्टार्टिंग फ्रॉम'. पुढे रक्कम, रकमेच्या डोक्यावर चांदणी, आणि चांदणीचा खुलासा तळाला वाचताच येऊ नये अशा अक्षरांत. कधी कधी रकमेनंतर 'ओन्ली'ही असतं. हे दोन शब्द एका ओळीत खरं तर नांदू नयेत. 'स्टार्टिंग फ्रॉम' म्हणजे इथून पुढे किंमत वरच जाणार. 'ओन्ली' म्हणजे एवढीच. जाहिरात लिहिणाऱ्याला दोन्ही हवं असतं, म्हणून तो दोन्ही लिहितो. वाचणाऱ्याच्या डोक्यात 'ओन्ली' राहतं आणि बिलात 'फ्रॉम' येतं.

सुरुवात सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांची गंमत या एका फलकात दिसते. वरवर पाहता ते आरंभबिंदू दाखवतात, पण त्यांचा सगळा रोख पुढे काय होणार यावर असतो. किंमत वाढणार आहे का, काम अजून चालू आहे का, पहिलं मत नंतर बदललं का, आधीचं सगळं पुसलं गेलं का. आपण मराठीत 'पासून', 'आधी', 'मुळात', 'सुरुवातीला' एवढ्या चार-पाच शब्दांत भागवतो आणि उरलेला अर्थ क्रियापदावर, सुरावर आणि ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोडतो. इंग्रजीत तो अर्थ त्या शब्दातच भरलेला असतो. म्हणून शब्द निवडताना सुरुवातीकडे बघून उपयोग नाही, तिच्यानंतर काय घडलं ते बघावं लागतं.

विजय नगर हा या गोष्टीचा चांगला नमुना आहे. स्कीम नंबर ५४, ७४, ७८ अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीत कॉल सेंटरं, सॉफ्टवेअरच्या लहानमोठ्या कंपन्या, स्पोकन इंग्लिशचे वर्ग आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं एकमेकांना खेटून आहेत. त्यांत होळकरांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांतली मुलं असतात, तशीच खंडवा-बऱ्हाणपूरकडून आलेलीही. घरात मराठी, रस्त्यावर माळव्याची हिंदी, ऑफिसात इंग्रजी. तीन भाषांच्या या रहदारीत सगळ्यात जास्त टकरी होतात त्या 'पासून'च्या.

इथल्या कुठल्याही मुलाखतीच्या खोलीबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तर हे वाक्य कानावर पडतंच: 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.' बोलणाऱ्याचा काही दोष नाही. तो मनात 'मी दोन वर्षांपासून इथं काम करतोय' म्हणतो, बाजूला हिंदीतलं 'दो साल से' उभं असतं, आणि दोघं मिळून त्याला 'सिन्स'कडे ढकलतात. मराठीचं 'पासून' आणि हिंदीचं 'से' दोन वेगळी कामं एकटेच करतात. 'सोमवारपासून' म्हणताना ते एका बिंदूवर बोट ठेवतात, आणि 'दोन वर्षांपासून' म्हणताना लांबी मोजतात. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत: बिंदूला 'सिन्स', लांबीला 'फॉर'. 'सिन्स २०२२', पण 'फॉर टू इयर्स'.

व्याकरणाची पुस्तकं इथे तक्ते देतात. मला त्यापेक्षा घरचीच एक खूण सोपी वाटते. वाक्यात 'गेली दोन वर्षं' किंवा 'दोन वर्षं झाली' बसत असेल तर 'फॉर' घ्यावं. 'गेली सोमवार' म्हणता येत नाही, तिथे 'सिन्स' घ्यावं. 'मी गेली दोन वर्षं इथं आहे' हे अस्सल मराठी वाक्य आहे आणि ते इंग्रजीच्या जवळही आहे. 'दोन वर्षांपासून' हेही मराठीत चालतंच, पण इंग्रजीकडे जाताना तेच पाय ओढतं.

दुसरा गोंधळ क्रियापदाचा. 'आय ॲम वर्किंग सिन्स' का चालत नाही आणि 'आय हॅव बीन वर्किंग सिन्स'च का लागतं? याचं उत्तर आपल्या जुन्या दफ्तरात सापडतं. मराठेशाहीच्या मोडी कागदांत मुदत लिहायची ठरलेली रीत होती: 'इस्तकबिल' अमुक तारीख, 'तागायत' तमुक तारीख. पहिला शब्द सुरुवातीचा, दुसरा शेवटचा. दोन्ही फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. 'इस्तकबिल' कागदांतच राहिला. 'तागायत' मात्र 'आजतागायत'मध्ये अजून रोज वापरात आहे. आता 'सिन्स'चा अर्थ लावून पाहा: त्यात 'पासून' आणि 'आजतागायत' दोन्ही एकत्र आहेत. तेव्हा सुरू झालं आणि अजून सुटलेलं नाही. ही तेव्हापासून आतापर्यंतची दोरी धरायला 'हॅव' लागतं. नुसतं 'ॲम' फक्त आजचं टोक धरतं, नुसतं 'वॉज' फक्त कालचं.

ही खूण एकदा बसली की बाकीचं आपोआप सुटतं. 'आय विल जॉइन सिन्स मंडे' का चुकतं? सोमवार अजून यायचाय, तिथून 'आजतागायत' कसं होणार? तिथे 'फ्रॉम मंडे'. 'आय वर्क्ड देअर फ्रॉम २०१९ टु २०२२' मध्ये 'सिन्स' का नाही? कारण दोरी २०२२ साली कापली गेली, ती आजपर्यंत पोचतच नाही. गोष्ट भूतकाळातली असेल तर 'आज'च्या जागी 'तोवर' येतं, 'हॅव'च्या जागी 'हॅड', पण दोरी तीच.

'फ्रॉम' मात्र बेफिकीर आहे. तो सुरुवात दाखवतो आणि बाजूला होतो. पुढे 'टु' येईल न येईल, त्याला फरक पडत नाही. विजय नगरमधून जाणाऱ्या ए. बी. रोडचं नाव तसंच आहे. आग्रा आणि बॉम्बे ही दोन टोकं, मधलं सगळं वाटसरूने समजून घ्यायचं. या बेफिकिरीमुळे 'फ्रॉम'वर वकिलांची नजर कायम असते, कारण त्या एका शब्दात एक पूर्ण दिवस लपलेला आहे.

आपण 'एक तारखेपासून सुट्टी' म्हणतो तेव्हा एक तारीख सुट्टीत धरतो. त्याबद्दल घरात कोणी वाद घालत नाही. कायद्याच्या इंग्रजीत उलटं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ सांगतं की केंद्रीय कायद्यात एखाद्या मुदतीचा पहिला दिवस वगळायचा असेल तर 'फ्रॉम' हा शब्द पुरेसा आहे, आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर 'टु' पुरेसा आहे. म्हणजे 'फ्रॉम'ने ज्या दिवसावर बोट ठेवलं, नेमका तोच दिवस मोजणीतून बाहेर. १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये कलम १२ हेच सांगतं: ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस सोडायचा. यामागे साधा विचार आहे. निकाल दुपारी चार वाजता लागला तर तो दिवस अर्ध्याहून अधिक उलटून गेलेला असतो; अपील करणाऱ्याला पूर्ण दिवस मिळायचे तर मोजणी उद्यापासूनच हवी.

भाड्याच्या घरांना हे थेट लागू पडतं. १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ११० म्हणतं की भाडेपट्ट्याची मुदत अमुक दिवसा'पासून' सुरू होते असं लिहिलं असेल तर तो दिवस मोजायचा नाही. विजय नगरमध्ये घर भाड्याने देताना करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या रजिस्ट्रेशन ॲक्टप्रमाणे नोंदणी लागते आणि ती सगळ्यांनाच टाळायची असते. आता समजा करारात लिहिलं, 'फॉर अ पिरियड ऑफ इलेव्हन मंथ्स फ्रॉम फर्स्ट मे'. वेगळं काही ठरलेलं नसेल तर १ मे मोजणीबाहेर, मुदत २ मेला सुरू आणि १ एप्रिलला संपणार. घरमालकाच्या डोक्यात मात्र ती ३१ मार्चला संपलेली असते आणि नवा भाडेकरू १ तारखेला सकाळी कूलर घेऊन दारात. ज्याला ही भानगड नको असते तो 'कमेन्सिंग ऑन फर्स्ट मे' किंवा 'फ्रॉम अँड इन्क्लूडिंग' असं लिहितो आणि शेवटची तारीखही नावानिशी घालतो. टायपिंगच्या दुकानातले तयार नमुने 'फ्रॉम'वरच चालतात. सही करण्याआधी तेवढी ओळ पाहून घेणं फुकट आहे.

हे वाद हवेतले नाहीत. चेक न वटल्याच्या प्रकरणात तक्रार एका महिन्यात दाखल करावी लागते, आणि कायद्याच्या त्या कलमात 'फ्रॉम' नसून 'ऑफ' आहे: कारण घडल्याच्या तारखेच्या 'ऑफ' एक महिना. मग 'ऑफ' म्हटल्यावर पहिला दिवस धरायचा की सोडायचा? दोन निकाल दोन दिशांना गेले, आणि शेवटी इकॉन अँट्री विरुद्ध रोम इंडस्ट्रीज या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाला ठरवावं लागलं की इथे 'ऑफ' आणि 'फ्रॉम' यांत फरक करण्याचं कारण नाही, पहिला दिवस सोडायचा. दोन अक्षरांच्या शब्दयोगी अव्ययावर देशाच्या सर्वोच्च पीठाने वेळ घालवला याचं हसू येऊ शकतं. ज्याची तक्रार एक दिवस उशिरा ठरून फेटाळली गेली असती, त्याला आलं नसतं.

सरकारी हुकूम या घोळातून 'विथ इफेक्ट फ्रॉम' लिहून सुटू पाहतात. त्याचं 'डब्ल्यू.ई.एफ.' हे आखूड रूप बदलीच्या आदेशापासून दुधाच्या दरवाढीच्या चिठ्ठीपर्यंत सगळीकडे दिसतं. व्यवहारात त्या तारखेला सकाळीच ते लागू धरलं जातं. त्याचा चुलतभाऊ 'ॲज ऑफ' जरा लबाड आहे. 'ॲज ऑफ ३१ मार्च' असं ताळेबंदावर असलं तर अर्थ त्या दिवसाची स्थिती, पुढे-मागे काहीही असो. पण 'ॲज ऑफ मंडे, द ऑफिस विल ओपन ॲट नाइन' यात तोच शब्द सोमवारपासून पुढे असा होतो. ब्रिटिश लेखक दुसऱ्या अर्थाला 'ॲज फ्रॉम' म्हणून वेगळं ठेवतात. मॅनेजरचा मेल वाचताना काळ भविष्यातला आहे की चालू, तेवढं पाहिलं की पुरतं.

पहिला दिवस कोणता हा प्रश्न इंदूरच्या मराठी माणसाला नवा नाही, तो तर दर पावसाळ्यात शेजारी राहायला येतो. शेजारच्या हिंदीभाषक घरात गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सावन लागतो. आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, आषाढी अमावास्या झाल्यावर. तिकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, इकडे अमावास्येनंतर. पंचांगाच्या भाषेत एक पूर्णिमान्त, दुसरा अमान्त. त्यांचे दोन सोमवार होऊन जातात तेव्हा कुठे आपल्याकडे पहिल्या सोमवारची शिवामूठ निघते. राखी मात्र दोघांची एकाच दिवशी, त्यांचा सावन तिथे संपतो आणि आपला अर्धा उरलेला असतो. गोकुळाष्टमी आपल्या श्रावणात, त्यांच्या भाद्रपदात, रात्र तीच. एकाच आकाशातला तोच चंद्र, फक्त 'पासून' वेगळं. आणि अंतर मोजायचं म्हटलं तर भारतीय ज्योतिषाने ज्या उज्जैनीवरून मध्यान्हरेषा धरली ते उज्जैन इथून पन्नासेक किलोमीटरवर; इंग्रजांनी तीच सुरुवात ग्रीनिचला नेली आणि १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ती जगाची झाली. शून्य कुठे ठेवायचं हे ठरवावंच लागतं, ते निसर्गात सापडत नाही.

तारखांइतकाच गोंधळ क्रमाचा होतो. 'फर्स्ट' आणि 'ॲट फर्स्ट' यांच्यातला फरक क्लासमध्ये बहुधा एका वाक्यात उरकतात, पण तिथे अर्थ पुरता उलटू शकतो. 'फर्स्ट, आय लाइक्ड द जॉब' मध्ये नुसता क्रम आहे: आधी हे, मग ते. 'ॲट फर्स्ट, आय लाइक्ड द जॉब' म्हटलं की ऐकणारा 'पण'ची वाट बघू लागतो. 'ॲट फर्स्ट'मध्ये पुढचा बदल आधीच ठरलेला असतो. मुलाखतीत सध्याच्या नोकरीबद्दल 'ॲट फर्स्ट इट वॉज गुड' एवढंच बोलून गप्प बसणारा मुलगा न सांगताच तक्रार करून बसतो. मराठीत 'सुरुवातीला चांगलं होतं' म्हणताना आपण 'चांगलं'वर जोर देऊन तो 'पण' आवाजातून आणतो. इंग्रजीत तो शब्दातच असल्याने आवाज सपाट ठेवला तरी सुटका नाही.

'टु बिगिन विथ' दोन्ही घरी जेवतो. वाक्याच्या आरंभी आला तर 'पहिलं कारण असं': टु बिगिन विथ, भाडं फार आहे. वाक्याच्या शेवटी आला तर 'मुळातच': ही कधी खूश नव्हती टु बिगिन विथ. हॉटेलात तो अगदी खाण्यापुरता उरतो. वेटर 'टु स्टार्ट विथ, सर?' विचारतो तेव्हा त्याला पनीर टिक्का की सूप एवढंच हवं असतं.

'इन द फर्स्ट प्लेस' याच कुळातला, पण तिखट. यादी करताना तो 'पहिली गोष्ट' एवढाच असतो. प्रश्नाच्या शेवटी लागला की त्याची धार बदलते: 'व्हाय डिड यू कम इन द फर्स्ट प्लेस?' म्हणजे 'मुळात आलासच कशाला?' आपल्या 'मुळात'मध्ये आणि 'कशाला'च्या 'ला'मध्ये जो झोंबरेपणा आहे तो इंग्रजीत या चार शब्दांनी आणलाय. परदेशी ग्राहकाला मेलमध्ये 'व्हाय डिड यू बाय इट इन द फर्स्ट प्लेस' असं लिहिणाऱ्याला फक्त कारण विचारायचं असतं. ग्राहकाला वाटतं आपल्या अकलेवर बोट ठेवलं. इथे 'ओरिजिनली' किंवा साधं 'व्हॉट मेड यू चूज इट' पुरेसं आणि सौम्य.

भाषणांतल्या 'ॲट द व्हेरी आउटसेट'बद्दल फार लिहायला नको. प्रत्येक मंडळाच्या वार्षिक समारंभात तो एकदा येतो, आभार मानतो आणि जातो.

आणि 'इन द स्टार्टिंग'? 'स्टार्टिंगला जरा टेन्शन होतं' हे इंदुरी मराठीत इतकं मुरलं आहे की त्याचा इंग्रजी अनुवाद 'इन द स्टार्टिंग देअर वॉज टेन्शन' असा आपोआप बाहेर पडतो. प्रमाण इंग्रजीत 'स्टार्टिंग' हे नाम म्हणून असं वापरत नाहीत. तिथे 'इन द बिगिनिंग' किंवा 'ॲट द स्टार्ट'. त्यातही एक बारीक भेद आहे. 'ॲट द बिगिनिंग ऑफ द फिल्म' हा बिंदू: पहिला प्रसंग, पहिली पाच मिनिटं. 'इन द बिगिनिंग' हा काळ: सुरुवातीचे दिवस, जे नंतर सरले. परीक्षेत 'इन द स्टार्टिंग'चे गुण कापले जातात, हे खरं. बाहेर मात्र दिल्लीपासून चेन्नईपर्यंत सगळे ते समजतात आणि वापरतात. घरी-दारी बोलताना त्यावर भुवया उंचावणं मला तरी उगाच वाटतं.

आरंभाचे इंग्रजी वाक्प्रचार कुठून आले ते पाहायला लागलं की एक गोष्ट ठळक दिसते: पुष्कळसे मैदानातून आलेत. आपले ओनामा, श्रीगणेशा, नारळ फोडणं, मुहूर्तमेढ हे शाळेतून, देवघरातून, मांडवातून आलेले. इंग्रजांचे धावपट्टीवरून, आखाड्यातून.

'फ्रॉम स्क्रॅच' घ्या. विजय नगरच्या कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप उघडून बसलेल्या दर दुसऱ्या तरुणाने आपलं ॲप 'फ्रॉम स्क्रॅच' उभं केलेलं असतं. 'स्क्रॅच' म्हणजे इथे जमिनीवर ओढलेली रेघ. जुन्या ब्रिटिश मुष्टियुद्धात आखाड्याच्या मध्यावर अशी रेघ असायची. १८३८ च्या नियमांनुसार खाली पडलेल्या गड्याला ३० सेकंद विश्रांती मिळे, आणि पुढच्या ८ सेकंदांत त्याने आपल्या पायांनी रेघेपर्यंत यायचं. आला नाही तर हरला. 'अप टु स्क्रॅच' म्हणजे कसाला उतरणं, ते त्यातूनच आलं. धावण्याच्या शर्यतीत रेघ सुरुवातीची. कच्च्या भिडूंना त्या रेघेच्या पुढून धावायला देत, म्हणजे त्यांना 'हेड स्टार्ट' मिळे. सगळ्यांत तयार धावपटू रेघेवरून, 'फ्रॉम स्क्रॅच', कसलीही सवलत न घेता निघे. गोल्फमध्ये शून्य हँडिकॅपवाल्या पक्क्या खेळाडूला 'स्क्रॅच प्लेअर' म्हणतात ते यामुळेच. म्हणजे मूळ अर्थी शब्दाचा भर 'काहीच नव्हतं' यावर नव्हता, 'सवलत नव्हती' यावर होता.

पुढे अमेरिकेत केकची तयार मिश्रणं बाजारात आली आणि घरी मैदा-अंड्यांपासून केलेला केक 'फ्रॉम स्क्रॅच' झाला. आपल्याकडे थालीपिठाची भाजणी विकत न आणता घरी धान्य भाजून दळून आणण्याला जो मान आहे, तोच त्या केकला. त्यामुळे वापरताना एवढं लक्षात ठेवावं: तयार वस्तू किंवा आयता आधार मिळत असूनही न घेता केलेल्या कामाला 'फ्रॉम स्क्रॅच' शोभतो. वडिलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, वडिलांच्या पैशांतून काढलेल्या कंपनीला तो शोभत नाही. तिथे 'हेड स्टार्ट' आहे, आणि हे दोन शब्द एकाच शर्यतीतले प्रतिस्पर्धी आहेत. शाळेत मुलं संगणकावर जी 'स्क्रॅच' नावाची भाषा शिकतात तिचा या रेघेशी संबंध नाही. ते नाव डीजे मंडळी तबकड्या पुढे-मागे घासून आवाज काढतात त्यावरून दिलेलं आहे.

'फ्रॉम द वर्ड गो' हीसुद्धा शर्यतच. शर्यत सोडणाऱ्याने 'गो' म्हटल्या क्षणापासून. 'फ्रॉम द गेट-गो' १९६० च्या दशकात आफ्रिकी-अमेरिकी बोलीतून वर आला, आणि अर्जात लिहिण्यापेक्षा गप्पांत जास्त बरा दिसतो. 'किक-ऑफ' फुटबॉलचा, आता तो दर सोमवारच्या मीटिंगला लागतो. 'फॉल्स स्टार्ट' मात्र अजून मैदानावर जिवंत आहे: २०११ साली दैगूच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम फेरीत उसेन बोल्ट बंदुकीच्या आधी निघाला आणि नव्या कडक नियमाने एका झटक्यात बाद झाला. व्यवहारात 'फॉल्स स्टार्ट' म्हणताना तेवढा कडकपणा नसतो. फसलेली पहिली खेप, पुन्हा निघता येतं.

पुन्हा निघण्याची वेळ आली की 'बॅक टु स्क्वेअर वन'. याच्या उगमाबद्दल ब्रिटनमध्ये एक लाडकी कथा आहे. २२ जानेवारी १९२७ ला बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्याचं पहिलं थेट समालोचन केलं. श्रोत्यांना चेंडू कुठे आहे ते कळावं म्हणून 'रेडिओ टाइम्स'ने मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा छापला होता, आणि समालोचकाचा साथीदार मध्येच चौकोनाचा आकडा पुकारायचा. त्यातून 'स्क्वेअर वन' आला, अशी ती कथा. पण पहिल्या चौकोनात चेंडू गेला म्हणून खेळ काही पहिल्यापासून सुरू होत नाही. शिवाय हा वाक्प्रचार छापील स्वरूपात मिळतो तो पंचवीस वर्षांनी, १९५२ साली, अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात, आणि तिथे लेखकाने सरळ सापशिडीचाच दाखला दिलेला आहे.

आणि सापशिडी आपलीच. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, ज्याचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, वरच्या टोकाला मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोचला, तिथे आधी त्यातून बाळबोध नीती शिकवली गेली आणि मग तीही गळून नुसते साप-शिड्या उरल्या. त्या पटावरून उठून एक घर इंग्रजी भाषेत गेलं असावं, ही शक्यता मला फुटबॉलपेक्षा अधिक पटते. लंगडीच्या चौकटीचाही दावा आहे, तो बाजूला ठेवू.

मराठीत 'बॅक टु स्क्वेअर वन'ला आपण लगेच 'पहिले पाढे पंचावन्न' म्हणतो. जवळचं आहे, पण सूर वेगळा. 'पहिले पाढे पंचावन्न'मध्ये वैताग आहे, कोणीतरी शिकलं नाही असा ठपका आहे. 'ये रे माझ्या मागल्या'मध्ये तर सवयीवर बोट. 'स्क्वेअर वन' कोरडा आहे. दान वाईट पडलं, साप आला, खाली आलो, कोणाचा दोष नाही. म्हणून ग्राहकाने ऐनवेळी आराखडा बदलला तर ऑफिसच्या मेलमध्ये 'वी आर बॅक टु स्क्वेअर वन' बिनधास्त लिहावं, कोणी दुखावणार नाही. हेच मराठीत सांगताना 'पहिले पाढे' काढले तर दुखावण्याची शक्यता आहे.

याच्या जागी हल्ली 'बॅक टु ग्राउंड झीरो' ऐकू येतं आणि ते खटकतं. हिंदी वृत्तवाहिन्यांवर पूर आला, आग लागली की वार्ताहर 'ग्राउंड ज़ीरो से' बोलतो, तिथे ते निदान मूळ अर्थाच्या आसपास आहे. अणुबॉम्बचा स्फोट ज्या जागेच्या बरोबर वर होतो ती जमीन म्हणजे 'ग्राउंड झीरो'. हिरोशिमा-नागासाकीनंतर हा शब्द वर्तमानपत्रांत आला, आणि २००१ नंतर न्यूयॉर्कच्या पडलेल्या मनोऱ्यांच्या जागेला चिकटला. सुरुवातीच्या पाटीचा हा शब्द नाही, राखेचा आहे. नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत 'लेट्स स्टार्ट फ्रॉम ग्राउंड झीरो' म्हणणाऱ्याला 'फ्रॉम झीरो' म्हणायचं असतं. एक शब्द कमी केला तरी भागतं.

उरतो तो सगळ्यांत जुना प्रश्न: सांगायला कुठून लागायचं? रोमन कवी होरेसने होमरचं कौतुक केलं ते याच मुद्द्यावर. ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट होमर लीडाच्या अंड्यापासून सांगत बसत नाही, म्हणजे हेलनच्या जन्मापासून नाही; तो श्रोत्याला थेट घटनांच्या मध्यात नेतो. त्यातून लॅटिनचे दोन शब्दप्रयोग इंग्रजीत पक्के झाले, 'अब ओवो' म्हणजे अंड्यापासून आणि 'इन मेडियास रेस' म्हणजे ऐन मध्यात. आपल्याकडे पहिल्या प्रकाराला 'नमनालाच घडाभर तेल' म्हणतात.

विजय नगरच्या मुलाखतींत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की आपली मुलं हमखास अंड्याकडे जातात. नाव, गाव, वडील काय करतात, भावंडं किती, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, मग कॉलेज. नोकरीपर्यंत येईतो समोरच्याचा चहा संपतो. त्याला ऐकायचं असतं ते मधलं: 'आय हॅव बीन टेस्टिंग पेमेंट ॲप्स फॉर फोर इयर्स, द लास्ट टू ॲज अ टीम लीड.' यात 'हॅव बीन' आहे, 'फॉर' आहे, आणि 'सिन्स'ची गरजच पडलेली नाही. मूळचे महूचे की देवासचे, ते त्याने विचारलं तर सांगायचं.